मशीन नसताना घरी मऊ आइस्क्रीम: दूध आटवण्यापासून मस्तानीपर्यंत

घरच्या आइस्क्रीमबद्दल बहुतेक घरांत एकच तक्रार असते: चव झकास होती, पण दाताखाली बर्फ लागत होता. चमचा घालावा तर वरचा थर कडक, आणि दहा मिनिटं बाहेर ठेवलं की कडेला पाणी सुटलेलं. मग पुढच्या वेळी कोणीतरी म्हणतं, जाऊ दे, विकतच आणू. खरं तर हा बर्फ का होतो ते एकदा नीट समजलं की मशीनवाचून काही अडत नाही. जाड बुडाची कढई, मिक्सर आणि फ्रीजरचा एक रिकामा कप्पा एवढ्या भांडवलावर पुण्यात भर मे महिन्यातही उत्तम आइस्क्रीम होतं. वेळ मात्र द्यावा लागतो. आज रात्री खायचं असेल तर काल संध्याकाळी सुरुवात झालेली हवी.

बर्फ येतो कुठून

फुल क्रीम दुधातही साधारण ८५ टक्के पाणीच असतं. चांगल्या आइस्क्रीमच्या मिश्रणात ते ६० ते ६५ टक्क्यांपर्यंत खाली आलेलं असतं. हे उरलेलं पाणी गोठणारच, प्रश्न एवढाच की त्याचे कण केवढे होतात. सुमारे ५० मायक्रॉनपेक्षा बारीक कण जिभेला वेगळे जाणवत नाहीत, त्याहून मोठे झाले की रवाळ लागतात. मिश्रण सावकाश गोठलं तर सुरुवातीला थोडेच कण तयार होतात आणि पुढचं पाणी त्यांच्यावरच चढत जाऊन ते मोठे होतात. भरभर गोठलं तर एकाच वेळी असंख्य बारीक कण तयार होतात. मशीनमध्ये थंड भांड्याच्या कडेला गोठणारा पातळ थर पातं सतत खरवडत असतं आणि त्याच वेळी मिश्रणात हवा मिसळत असते.

आपल्याकडे ते पातं नाही. म्हणून आपण तीन बाजूंनी काम करायचं. मिश्रणातलं पाणी आधीच कमी करायचं, ते शक्य तितक्या लवकर गोठवायचं आणि अर्धवट गोठलेलं असताना घुसळायचं. या तिन्हींत पहिलं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. पिशवी फोडून दूध, साखर, इसेन्स एकत्र केलं आणि फ्रीजरमध्ये ठेवलं तर कितीही घुसळा, बर्फ होणारच. ज्याला बासुंदी जमते त्याला आइस्क्रीमचं अर्धं काम आधीच येतं, असं माझं ठाम मत आहे.

साखरेचंही एक काम नीट लक्षात ठेवायला हवं. विरघळलेल्या साखरेमुळे पाणी शून्य अंशाच्या खाली गेल्यावर गोठायला लागतं, त्यामुळे फ्रीजरमध्येही थोडं पाणी पातळ राहतं आणि आइस्क्रीम चमच्याला लागतं. पथ्य म्हणून साखर निम्मी केली की आइस्क्रीम दगड होतं ते यामुळेच. गोड कमी हवं असेल तर वाढताना कमी वाढा, मिश्रणातली साखर कापू नका.

सामान

साधारण एक किलो मिश्रणासाठी:

म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध १ लिटर
साखर १५० ग्रॅम, म्हणजे पाऊण कप
फ्रेश क्रीम २०० मिली
कॉर्नफ्लोअर १ सपाट टेबलस्पून
मीठ चिमूटभर

दूध घेताना पिशवीवर बघा. फॅट ६ आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ९ असं लिहिलेलं असेल ते आपलं दूध. चितळे, कात्रज, जे घरी येत असेल ते चालेल, फक्त टोन्ड नको. त्यात फॅट ३ टक्केच असतं आणि आइस्क्रीम फिकट आणि खडबडीत होतं. आपल्याकडच्या नियमानुसार ज्याला नुसतं 'आइस्क्रीम' म्हणून विकायचं त्यात किमान १० टक्के दुधाचं फॅट लागतं. वर दिलेल्या प्रमाणात दूध आटवलं आणि क्रीम घातलं की आपण त्याच्या किंचित वरच पोचतो. दुकानातल्या ज्या डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' छापलेलं असतं, त्यात दुधाच्या फॅटच्या जागी वनस्पती तेलाचं फॅट वापरलेलं असतं. घरी करायचे कष्ट घ्यायचेच तर ते दुधासाठी घ्यावेत.

फ्रेश क्रीमऐवजी घरची साय चालते, पण ती एक-दोन दिवसांचीच हवी. लोण्यासाठी आठवडाभर साठवलेल्या सायीला आंबूस वास आलेला असतो, तो गोठल्यावरही जात नाही. ताजी साय घ्यायची, तिच्यात थोडं गार दूध घालायचं आणि मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन एकजीव करायची. जास्त फिरवलं तर लोणी सुटेल.

जीएमएस (ग्लिसरिल मोनोस्टिअरेट) आणि सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) या आइस्क्रीममध्ये घालायच्या दोन पावडरी रविवार पेठेत बोहरी आळीत केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. जीएमएस फॅट आणि पाणी एकत्र धरून ठेवतं आणि घुसळताना हवा पकडायला मदत करतं. सीएमसी पाणी बांधून ठेवतं, त्यामुळे कण मोठे होत नाहीत. व्हॅनिला, चॉकलेट, कॉफी अशा आइस्क्रीमना त्यांचा चांगला उपयोग होतो. वरच्या प्रमाणाला एक सपाट टेबलस्पून जीएमएस आणि पाव टीस्पून सीएमसी पुरे, आणि मग कॉर्नफ्लोअर घालायचं नाही. फळांच्या आइस्क्रीमला मात्र मी कॉर्नफ्लोअरवरच थांबते. फळाचा गर स्वतःच बऱ्यापैकी घट्टपणा देतो आणि पावडरींचा चिकटपणा फळाच्या चवीच्या आड येतो.

दूध आटवणं

रुंद, जाड बुडाची कढई घ्या. रिकाम्या कढईचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून कागदावर लिहून ठेवा. ही सवय लावून घ्याच, कारण 'दूध थोडं आटवा' या सांगण्याने कोणाचंच भलं झालेलं नाही. एक लिटर दूध म्हणजे साधारण १०३० ग्रॅम, ते आपल्याला ७०० ग्रॅमवर आणायचं आहे. काटा नसेल तर मापाच्या जगमध्ये ओतून बघा, पावणेसातशे मिलिच्या आसपास भरलं पाहिजे.

त्यातलं पाव कप दूध गार असतानाच बाजूला काढा आणि कॉर्नफ्लोअर त्यात कालवून ठेवा. बाकीचं दूध मध्यम आचेवर उकळी आणून हलवत राहा. कडेला जमणारी साय उलथन्याने खरवडून परत दुधात ढकलायची. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटतं. नंतर बुडबुडे बदलतात: आधी मोठे, पटकन फुटणारे असतात, मग ते लहान आणि आळशी होतात आणि ढवळल्यावर दुधाचा आवाजही जड येतो. रंग पांढऱ्यावरून हलक्या पिवळसर सायीच्या रंगावर येतो. चमचा बुडवून उलटा धरलात तर त्याच्या पाठीवर पातळ थर राहतो, बासुंदीपेक्षा विरळ. अर्ध्या ते पाऊण तासात इथपर्यंत पोचता येतं. आच मोठी करून घाई केली तर दूध खाली लागेल, आणि लागलेल्या दुधाचा वास कोणत्याही इसेन्सने झाकत नाही.

याहून फार पुढेही जाऊ नका. दूध अति आटवलं किंवा वर भरपूर दूध पावडर घातली की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, गोठल्यावर स्फटिक होऊन बाहेर पडते आणि जिभेवर बारीक वाळू आल्यासारखी वाटते. ती बर्फासारखी तोंडात विरघळून जात नाही.

वजन जमलं की साखर आणि मीठ घाला, विरघळलं की कालवलेलं कॉर्नफ्लोअर धार धरून ओता आणि सतत हलवत दोन मिनिटं उकळा. कच्चट वास गेला पाहिजे. जीएमएस-सीएमसी वापरत असाल तर जीएमएस सुरुवातीच्या गार दुधातच मिसळा, कारण ते गरम होऊनच विरघळतं. सीएमसी कोरड्या साखरेत नीट कालवून मग दुधात भुरभुरवा, नुसतं टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. गॅस बंद करून क्रीम ढवळा आणि सगळं बारीक गाळणीतून गाळा. चाखून बघा. कोमट असताना मिश्रण जरा जास्तच गोड वाटलं पाहिजे, कारण थंडपणी जिभेला गोडी कमी लागते.

गार करणं आणि मुरवणं

एप्रिल-मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीजवळ असतो. अशा हवेत दुधाचं पातेलं ओट्यावर गार व्हायला ठेवून विसरू नका. मोठ्या परातीत पाणी आणि बर्फ घेऊन त्यात पातेलं ठेवा आणि अधूनमधून ढवळा, वीस-पंचवीस मिनिटांत ते फ्रिजमध्ये ठेवण्याजोगं होतं.

मग झाकून फ्रिजच्या खालच्या भागात, फ्रीजरमध्ये नव्हे, किमान चार तास ठेवा. रात्रभर ठेवलं तर उत्तम. या वेळात फॅटचे कण घट्ट होतात आणि कॉर्नफ्लोअर, दुधातली प्रथिनं पाणी शोषून घेतात. सकाळी बघाल तर मिश्रण रात्रीपेक्षा दाट झालेलं असतं. चार अंशांवर आलेलं मिश्रण फ्रीजरमध्ये लवकर गोठतं हा आणखी एक फायदा.

फ्रीजरची तयारी

ही गोष्ट छोटी आहे पण फरक मोठा पाडते. एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीजरच्या भिंतींवर बर्फ साचतो आणि तो थंडावा अडवतो, तेव्हा आदल्या दिवशी डीफ्रॉस्ट करून घ्या. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये तो त्रास नसतो, पण बर्फ साचू नये म्हणून त्यातला हीटर ठराविक वेळाने चालू होतो आणि तापमान थोडं वरखाली होत राहतं, म्हणून त्यात आइस्क्रीम फार दिवस टिकत नाही. दोन्हींत आदल्या रात्रीच डायल सर्वांत थंड खुणेवर न्या. फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंत जाणारा असेल तर काम सोपं होतं. मटार आणि कोथिंबिरीच्या पिशव्या एका बाजूला सारून ताटाएवढी सपाट जागा रिकामी करा.

गोठवणं आणि घुसळणं

स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची पसरट थाळी घ्या आणि ती अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये ठेवा. प्लास्टिकच्या खोल डब्यात मिश्रण गोठायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि वेळ म्हणजेच मोठे कण. थाळीत मिश्रण दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा उंच नको, जास्त असेल तर दोन थाळ्या करा. वर झाकण किंवा फॉइल लावा आणि थाळी थेट फ्रीजरच्या तळावर टेकवा, खाली जाळी किंवा कापड नको.

दीड-दोन तासांनी बघा. कडेचा दोन बोटं रुंद पट्टा घट्ट झालेला असतो, मधला भाग थाळी हलवली की अजून डुचमळतो. पहिल्यांदा घुसळायची हीच वेळ. कडा खरवडून मध्ये आणा आणि हँड ब्लेंडर किंवा बीटरने एक मिनिटभर सगळं एकसारखं करा. नुसत्या काट्या-चमच्याने केलं तरी चालतं, पण हात जोरात चालला पाहिजे. परत फ्रीजरमध्ये. पुढे दर पाऊण तासाने हेच, तीन-चार वेळा. प्रत्येक फेरीत मिश्रण फिकट आणि जड होत जातं. शेवटच्या फेरीत चमच्याने ओढलेली रेघ जागेवर राहते, तेव्हा ते डब्यात भरा आणि चार-पाच तास हलवू नका.

दिवसभर घरी थांबणं शक्य नसेल त्यांच्यासाठी दुसरा मार्ग. मुरलेलं मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून रात्रभर गोठवा. लहान वड्या थाळीपेक्षाही लवकर गोठतात. सकाळी मिक्सरचं भांडं अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून मग थोड्या थोड्या वड्या घाला आणि झटके देत फिरवा. सुरुवातीला चुरा होईल, पात्याला अडकेल, तेव्हा थांबून चमच्याने खाली ढकला. आणखी थोडं फिरवल्यावर चुऱ्याचा एकदम मऊ, चकचकीत गोळा होतो. तिथेच थांबा. मिक्सर गरम होऊन मिश्रण वितळायला लागलं तर सगळी मेहनत पाण्यात, आणि मिश्रण कोमट झालं तर क्रीममधलं फॅट लोण्यासारखं दाणेदार होऊन बाहेर पडतं. लगेच गार डब्यात भरून परत फ्रीजरमध्ये. मिक्सरचीच पद्धत नोकरी करणाऱ्या घरांना जास्त सोयीची, आणि पोतही थाळीच्या तोडीस तोड येतो.

जीएमएस-सीएमसी घातलेलं मिश्रण असेल तर ते घट्ट गोठू द्या, तुकडे करा आणि मोठ्या पातेल्यात बीटरने पाच-सात मिनिटं फेटा. ते पांढरंशुभ्र होऊन फुगतं, कधी कधी दुपटीजवळ जातं. म्हणून पातेलं मोठंच घ्या.

बर्फ आणि खडे मीठ

फ्रीजर भरलेला असेल किंवा घरात मुलं जमली असतील तर ही पद्धत करा. पुण्यात गच्चीवर लाकडी बादलीचा पॉट फिरवून आइस्क्रीम करण्याची जी हौस आहे तिचंच हे बिनपॉटचं रूप. नुसता वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो. त्यात मीठ मिसळलं की बर्फ अधिक वेगाने वितळतो, त्यासाठी लागणारी उष्णता तो आजूबाजूने खेचतो आणि तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. मिठाचं प्रमाण नेमकं असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरी उणे १० ते १५ मिळालं तरी काम होतं.

उंच, अरुंद स्टीलचा डबा घ्या, घट्ट झाकणाचा. त्यात निम्म्यापर्यंत मुरलेलं गार मिश्रण भरा, तोंडावर प्लास्टिकचा कागद लावून वरून झाकण बसवा. मोठ्या बादलीत किंवा पातेल्यात तळाला कुटलेल्या बर्फाचा थर, त्यावर खडे मीठ, मधोमध डबा, मग कडेने परत बर्फ आणि मीठ आलटून पालटून. चार किलो बर्फाला एक किलो मीठ असा अंदाज धरा. बारीक मीठही चालतं, पण ते लगेच विरघळून तळाला जातं, खडे मीठ सावकाश काम करतं. बर्फाची पातळी डब्याच्या झाकणाच्या चार बोटं खालीच ठेवा, खारं पाणी आत गेलं की सगळं फुकट.

आता डबा दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवत राहायचं, हातात जाड टॉवेल घेऊनच. उघड्या बोटांनी मिठाच्या बर्फाला हात लावू नका, कातडी पोळते, आणि मुलांना हे आधीच सांगा. दर दहा मिनिटांनी झाकण पुसून उघडा आणि कडेला चिकटलेलं लाकडी चमच्याने खरवडून मध्ये घ्या. पाऊण तासात मऊ आइस्क्रीम तयार होतं. ते तसंच खाण्यात मजा आहे, कडक हवं असेल तर फ्रीजरमध्ये दोन तास.

लादीचा बर्फ आणणार असाल तर तो फक्त बाहेरून थंड करायला, पोटात जाऊ द्यायचा नाही. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा महाराष्ट्रात नियम आहे, त्यामुळे रंग बघूनही ओळखता येतो. उरलेलं खारं पाणी कुंड्यांत ओतू नका, झाडं जातील.

कंडेन्स्ड मिल्कची पद्धत

इंटरनेटवर सगळीकडे हीच दिसते, म्हणून थोडक्यात. ४०० मिली गार व्हिपिंग क्रीम, २५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १५० मिली आटवलेलं गार दूध. क्रीम दुधाचं आणि ३० टक्क्यांहून जास्त फॅटचं हवं. नेहमीचं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं असतं, ते फेटून उभं राहत नाही. भांडं आणि बीटरची पाती गार करून, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून क्रीम फेटा. बीटर उचलल्यावर वाकणारं टोक आलं की थांबा. कंडेन्स्ड मिल्क आणि दूध हलक्या हाताने मिसळा आणि गोठवा. हवा आधीच भरलेली असल्याने मध्ये घुसळावं लागत नाही.

काम लवकर होतं हे खरं, पण फॅट खूप जास्त असल्याने टाळूला थर बसतो आणि मागे डब्याच्या दुधाची चव राहते. कॉफी, चॉकलेट, भाजलेले बदाम अशा जोरकस चवी त्यावर मात करतात. हापूस किंवा सीताफळ यात घालणं मला पटत नाही.

फळं

हापूसचा गर शिजवायचा नाही. आच लागली की त्याचा वास उडतो आणि जॅमची चव येते. पण गरात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते कुठेतरी वजा करायलाच हवं. मी ते दुधातून वजा करते: एक लिटर दूध ७०० ऐवजी ५५० ग्रॅमपर्यंत आटवायचं, साखर १२० ग्रॅमवर आणायची आणि मुरलेल्या गार मिश्रणात ३०० ग्रॅम गार गर मिसळायचा. गरम दुधात आंबा घालू नका, आंबटपणाने दूध फाटतं. आंबा अगदी पिकून सालीला किंचित सुरकुती आलेला घ्या. मंडईत किंवा मार्केट यार्डात थोडे डागाळलेले, आतून चांगले आंबे स्वस्तात मिळतात, आइस्क्रीमला तेच योग्य. पेटीतला देखणा आंबा कापून खा. पायरीचा रस चवीला अप्रतिम लागतो, फक्त दोरे गाळून घ्या. डबाबंद रसात साखर असते, तेव्हा मिश्रणातली साखर आणखी वीसेक ग्रॅम कमी.

सीताफळाला सगळ्यात जास्त कष्ट आहेत आणि सगळ्यात जास्त समाधानही. पुरंदरची, सासवडच्या बाजूची सीताफळं पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत पुण्यात येतात. डोळे चांगले उघडलेलं, बोटाने दाबलं की दबणारं फळ घ्या. अर्ध करून चमच्याने मधल्या पाकळ्या काढा, सालीलगतचा भाग खरवडू नका, तो दाणेदार असतो आणि बर्फासारखाच कचकचतो. बिया काढायला मिक्सर मोठ्या वेगाने फिरवू नका: बी फुटली तर कडवटपणा येतो, शिवाय ती खाण्याजोगी नसतेच. मोठ्या भोकांच्या चाळणीत पाकळ्या घेऊन, दोन-तीन चमचे गार दूध शिंपडून, वाटीच्या बुडाने हलके गोल फिरवा. गर खाली उतरतो, काळ्या बिया वर स्वच्छ राहतात. थोड्या पाकळ्या मात्र हातानेच बी काढून अख्ख्या ठेवा आणि शेवटच्या घुसळणीनंतर मिसळा. सीताफळाचा गरही तापवायचा नाही, तो कडू होतो. प्रमाण हापूसचंच, साखर आणखी थोडी कमी चालेल.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं नेमकं उलट. तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, कच्चे तुकडे घातले तर दातांना खडे लागतात. चौथा हिस्सा साखर घालून ती मोकळ्या भांड्यात दाट होईपर्यंत शिजवा, पूर्ण गार करा, मगच मिसळा. पेरूही साखरेसोबत शिजवून, बिया गाळून घ्या, आणि वाढताना वर तिखट-मीठ भुरभुरवा. चिकू पूर्ण पिकलेला हवा, नाहीतर चीक जिभेला लागतो, शिजवू नका. अंजीर कसाही चालतो. शहाळ्याची मलई बारीक चिरून, दुधातली थोडी जागा नारळाच्या दाट दुधाला देऊन करा, वेलची घालू नका. अननस कच्चा कधीही नको, त्यातल्या विकरामुळे दूध कडवट होतं. उकळून घेतला की निर्धोक.

सुकामेवा नेहमी भाजून, गार करून, शेवटच्या फेरीत. आधी घातला तर मऊ पडतो.

साठवणं आणि वाढणं

डबा काठोकाठ भरा आणि वर क्लिंग रॅप किंवा बटर पेपर आइस्क्रीमला चिकटवून लावा, मगच झाकण. मोकळी हवा राहिली की वर बर्फाची लव धरते. डबा फ्रीजरच्या दारात ठेवू नका, आत मागे ठेवा. घरी केलेलं आइस्क्रीम दहा-बारा दिवसांत संपवावं, त्यानंतर खराब होत नाही पण पोत जातो.

पुण्यात बऱ्याच भागांत देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात. तेव्हा आइस्क्रीमचा घाट बुधवारी घालू नका. वीज गेल्यावर फ्रीजर उघडला नाही तर आइस्क्रीम काही तास तग धरतं. नुसतं मऊ पडलं असेल तर परत घट्ट करा, कण थोडे वाढतील इतकंच. पूर्ण पातळ होऊन गरम झालं असेल तर ते परत गोठवून खाऊ नका, दुधाचा पदार्थ आहे.

वाढायच्या दहा मिनिटं आधी डबा फ्रीजरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणा. ओट्यावर ठेवलं तर कडा वितळतात आणि मध्य कडकच राहतो. चमचा कोमट पाण्यात बुडवून, पुसून मग गोळा काढा.

आणि आंब्याचं आइस्क्रीम उरलं असेल तर मस्तानी कराच. अर्धा लिटर दूध थोडं आटवून, साखर घालून अगदी गार करा. मिक्सरमध्ये त्यात वाटीभर हापूसचा गर आणि दोन गोळे आइस्क्रीम घालून फक्त एकजीव होईपर्यंत फिरवा, फेस काढायचा नाही. उंच ग्लासात पाऊण भाग ओता, वर एक मोठा गोळा सोडा, काजू-पिस्त्याचे काप टाका. दूध पुरेसं गार नसेल तर गोळा लगेच बुडतो, म्हणून ग्लासही आधी फ्रिजमध्ये ठेवलेले हवेत.